मापाचा जोडा : चर्मकाराचे ज्ञान, पायाचे माप आणि मुंबई उपनगर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कारागिरीच्या इतिहासलेखनात पादत्राणांच्या धंद्याचा उल्लेख बहुधा दोन अंगांनी येतो. एक, अस्पृश्यतेच्या अभ्यासाचा भाग म्हणून. आणि दुसरा, कोल्हापुरी चपलेच्या व्यापाराच्या संदर्भात. ज्या पायासाठी पादत्राण घडवायचे त्या पायाचे माप कोण घेत असे, ते कसे घेतले जाई आणि त्या मापाचे ज्ञान कोणाच्या ताब्यात राही, हा प्रश्न मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः हातकामाच्या पादत्राणाचे वेगळेपण कातड्यात किंवा शिलाईत जितके आहे तितकेच ते मापात आहे. तयार जोडा बाजारात आला तेव्हा कारागिराच्या हातून शिवण गेली नाही. ती तो आजही करतो. त्याच्या हातून गेले ते माप. प्रस्तुत लेखात या मापाच्या स्थित्यंतराचा मागोवा बलुतेदारीपासून आजच्या मुंबई उपनगरापर्यंत घेतला आहे.

एक पारिभाषिक खुलासा येथेच करणे इष्ट. जुन्या ग्रंथांत व कागदपत्रांत 'चांभार' हा शब्द येतो. तो ऐतिहासिक संदर्भापुरता तसाच ठेवला असून अन्यत्र 'चर्मकार' हा शब्द योजला आहे.

बलुतेदारीतील माप

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ग्रामव्यवस्थेचे जे तपशीलवार चित्र आहे, त्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक आहे. बलुतेदारांच्या ओळी प्रांतोप्रांती बदलत. त्यामुळे चांभाराचे स्थान कोठे थोरल्या ओळीत तर कोठे मधल्या ओळीत सांगितले जाते. त्याचे काम केवळ वहाणांपुरते नव्हते. विहिरीची मोट शिवणे व सांधणे, आसुडाची वादी, नाडे आणि बैलांच्या साजातील चामडी कामेही त्याच्याकडे असत. मोबदला सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपाने मिळे. मापाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण मोबदला जोडामागे ठरलेला नसून घरामागे ठरलेला होता. ज्या घराचे बलुते मिळते त्या घरातील सगळे पाय त्या कारागिराचे. पोराचा पाय वाढला, म्हाताऱ्याची टाच भेगाळली, नांगरटीत कोणाच्या अंगठ्याला इजा झाली, हे त्याला ठाऊक असे. अशा ठिकाणी मापाची नोंदवही लागत नाही. माप हे स्मरणात असते, आणि ते स्मरण पिढीजात असते.

मापाची साधनेही साधीच होती. पाय कातड्यावर ठेवून भोवती खूण करायची, चवड्याची रुंदी वीत-बोटांनी पाहायची, दोऱ्याला गाठ मारून घेर लक्षात ठेवायचा. पुढे कागद आला तेव्हा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ ओढण्याची पद्धत रूढ झाली. कागदाच्या अरुंद पट्टीने चवड्याचा आणि त्यावरच्या उंचवट्याचा घेर घेऊन तिच्यावर नखाने किंवा कात्रीने खूण करीत. माप नेहमी उभ्याने घ्यावयाचे असते, कारण अंगाचा भार पडल्यावर पाय पसरतो. बसलेल्या माणसाचे माप घेऊन केलेला जोडा चालताना करकचतो. दोन्ही पायांचे माप स्वतंत्र घ्यावे लागते, कारण क्वचितच कोणाचे दोन पाय अगदी सारखे असतात. भोवरी, कुरूप, टाचेचे हाड, अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा यांची चौकशी करावी लागते. माणूस चालतो कसा, उभ्याने काम करतो की बसून, हेही विचारावे लागते. मराठीत 'चांभारचौकशा' हा शब्द निरर्थक विचारपूस या अर्थाने रूढ आहे. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, ज्या चौकशीवाचून पायाला बसणारा जोडा होत नाही तिलाच भाषेने हेटाळणीचा विषय केले, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

कोल्हापुरी पायताण हे या ज्ञानाचे उत्तम उदाहरण होय. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या साहाय्याने कमावलेले कातडे, तळाचे थर वादीने शिवलेले, खिळ्यांचा वापर नाही, वरच्या पट्ट्यावर वेणी, अंगठ्यासाठी कडी आणि दोन्ही बाजूंना कान, ही त्याची ओळख. वेणीचे व नक्षीचे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करीत आल्या आहेत, मात्र कारागीर म्हणून नोंद होते ती पुरुषाची. हे पायताण कालबुतावाचून होते. त्यात घालणाऱ्याचा पाय हाच कालबूत. रापीने तळ कापताना माप घेतले जाते ते अर्धेच. उरलेले काम पाय स्वतः करतो. कातडे ओले करून, तेल देऊन काही दिवस वापरले की तळावर टाचेचा आणि चवड्याचा ठसा उमटतो, पट्टा पायाच्या उंचवट्यावर बसतो आणि ती चपल दुसऱ्याच्या पायाला होत नाही. कापशीचे पायताण प्रसिद्धीस आले ते याच पद्धतीने.

कालबूत आणि नंबर

बंद जोडा किंवा बूट मात्र कालबुतावाचून होत नाही. 'कालबूत' हा शब्द फारसीतून मराठीत आला. लाकडाचा पायाच्या आकाराचा साचा असा त्याचा अर्थ. मुंबईच्या कारखान्यांतून आज 'फरमा' हा शब्द अधिक चालतो. उत्तर व पश्चिम भारतातील पारंपरिक मोजडीत उजवा-डावा असा भेद नसे. वापरता वापरता जोडा ज्या पायाचा होई त्या पायाचा ठरे. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक जोडे सरळच होत. उजव्या-डाव्या पायांचे वेगळे साचे एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक झाले.

महाराष्ट्रातील नागर वर्गात विलायती बुटाचा प्रसार होण्यास हवामान किंवा सोय यांपेक्षा राज्यव्यवहार अधिक कारणीभूत झाला असावा. कचेरीत, न्यायालयात किंवा दरबारात देशी जोडा बाहेर काढून ठेवावा लागे. सुरतेच्या न्यायालयातील मानेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने १८६२ च्या सुमारास जोडा काढण्यास नकार दिल्याने या प्रश्नाला मुंबई इलाख्यात मोठीच वाचा फुटली. पुढे १८६८ च्या ठरावाने विलायती पद्धतीचे बूट व मोजे घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना ते पायात ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे पुणेरी जोडा उंबऱ्याबाहेर आणि बूट उंबऱ्याच्या आत, असा भेद राज्यकर्त्यांनीच घालून दिला. नोकरीपेशातील मध्यमवर्ग बुटाकडे वळला त्याचे एक कारण येथे सापडते, असे अनुमान करण्यास जागा आहे.

बुटाबरोबर कालबूत आला आणि कालबुताबरोबर नंबर. इंग्रजी मापपद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा भाग असते. या अंतराचा उगम जवाच्या दाण्याच्या लांबीत मानला जातो. भारतीय मापनशास्त्रातही आठ यव म्हणजे एक अंगुल असे कोष्टक कौटिल्यापासून चालत आले आहे. हा योगायोग मौजेचा खरा, परंतु दोन्हींचा उपयोग भिन्न. इंग्रजी जव पायाची केवळ लांबी मोजतो. रुंदी आणि घेर त्याच्या हिशेबात गौण राहतात. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक याने १९२० च्या दशकात तयार केलेल्या मापयंत्रात रुंदीचीही सोय होती. भारतातील सामान्य दुकानात मात्र नंबर म्हणजे लांबीच राहिली. अनवाणी किंवा उघड्या वहाणेत वाढलेला, चवड्याशी पसरलेला पाय त्या लांबीत कोंबला गेला.

श्रीमंत गिऱ्हाइकाचा स्वतंत्र कालबूत दुकानात नावानिशी जपून ठेवला जाई. मध्यमवर्गीयाला ते परवडण्याजोगे नव्हते. त्याच्यासाठी कुशल कारागीर नंबरी कालबूतच वापरी, पण जेथे हाड वर आलेले असेल तेथे कालबुतावर कातड्याची लहानशी चकती चिकटवून तेवढी जागा मोकळी करून घेई. कातड्याच्या या चकतीला कोणी फारसे महत्त्व दिलेले नाही. नंबर आणि पाय यांच्यामधील तडजोड ती करीत होती, आणि ती तडजोड कोठे करावयाची हे केवळ कारागिरालाच ठाऊक होते.

साष्टी ते बृहन्मुंबई

आजचे मुंबई उपनगर हा जुना साष्टीचा भाग. गावांच्या या पट्ट्याचा १९२० मध्ये प्रथम स्वतंत्र जिल्हा झाला. १९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. १९९० मध्ये अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तालुक्यांचा आजचा उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. कातड्याच्या धंद्याचा भूगोलही शहराच्या हद्दीबरोबर सरकत गेला. वांद्र्याचा कत्तलखाना आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारावीत आलेले तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांचे चर्मालय, यांनी शहराच्या वेशीवर कातड्याची पेठ उभी केली. कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे काम धारावीतून बव्हंशी बाहेर पडले. वस्तू तयार करण्याचे व विकण्याचे काम मात्र राहिले. धारावीतील दोन रस्त्यांची नावे संत रोहिदास मार्ग आणि संत ककय्या मार्ग अशी आहेत. पहिले नाव चर्मकारांच्या, तर दुसरे ढोर समाजाच्या श्रद्धास्थानाचे. गावगाड्यातील जोडा शिवणारा आणि कातडे कमावणारा यांच्यातील श्रमविभागणी अशा रीतीने शहराच्या नकाशावरही उमटली आहे.

उपनगरांत पादत्राणाच्या हातकामाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे कुर्ला-चेंबूर परिसरातील ठक्करबाप्पा कॉलनी. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर (१८६९–१९५१) मुंबई महानगरपालिकेच्या नोकरीत अभियंता होते. १९१४ मध्ये नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले आणि पुढे हरिजन सेवक संघाचे काम त्यांनी पाहिले. त्यांच्या नावाच्या या वसाहतीत लहान लहान कारखाने आहेत, आणि राजस्थानातून आलेल्या कारागिरांचा त्यांत मोठा वाटा आहे. एकाच्या हाती अपर, दुसऱ्याच्या हाती तळ, तिसऱ्याच्या हाती पेस्टिंग. मजुरी जोडांच्या संख्येवर. काम सर्वस्वी हाताचे, फरम्यांची फळी भिंतीला लागून. परंतु ज्याच्यासाठी जोडा होतो तो पाय कारागिराने कधीच पाहिलेला नसतो. तो नंबर पाहतो. हातकाम आणि मापाचे काम या दोन गोष्टी एकच आहेत, असा जो समज सर्वत्र आढळतो तो येथे टिकत नाही. बाटा कंपनीने १९३१ मध्ये बंगालमध्ये काम सुरू करून पुढे बाटानगर वसविले, जोगेश्वरीतही करोना या नावाच्या पादत्राणांचा कारखाना उभा राहिला, आणि यंत्राने माप हिरावून घेतले अशी मांडणी सर्रास केली जाते. ती अर्धीच खरी. यंत्र नसलेल्या कारखान्यातही माप राहिले नाही. घाऊक व्यापाऱ्याने ते आधीच नंबरात बदलून घेतले होते.

मापाचा दुसरा वारसदार रस्त्यावर बसला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या स्थानकांबाहेर आरी, रापी, ऐरण आणि पाण्याचा डबा घेऊन बसणारा गटई कामगार नवा जोडा क्वचितच करतो. तो दुसऱ्याने केलेला जोडा दुरुस्त करतो. पण त्याच्या कामाचा बराच भाग मापाचाच आहे. चावणारा बूट ओला करून ताणणे, पट्टा एक भोक पुढे घेणे, टाचेला पातळ थर देणे, आत कातड्याची पट्टी घालणे, ही सारी नंबरी जोड्याला पायाशी जुळवून घेण्याचीच कामे होत. गिऱ्हाईक एक पाय चपलेत व एक पाय पुठ्ठ्यावर ठेवून उभे असते तेवढ्या वेळात ती उरकतात. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल दिले जातात. १९७४ मध्ये स्थापन झालेले आणि आज संत रोहिदासांचे नाव धारण करणारे चर्मोद्योग महामंडळ कर्ज व प्रशिक्षण देते. वांद्रे पूर्व येथील शासकीय तंत्रनिकेतनात चर्मवस्तू व पादत्राण तंत्रज्ञानाची पदविकाही आहे. या सर्व प्रयत्नांत कारागिराला जागा, भांडवल किंवा प्रमाणपत्र मिळते. पायाच्या मापाचे जे ज्ञान त्याच्या हाती असते त्याची गणना कौशल्यात कोठेही होत नाही.

स्पर्श आणि प्रतिष्ठा

येथवरचे विवेचन वाचून बलुतेदारीतील माप हे हरवलेले वैभव वाटण्याचा संभव आहे. तसे मानणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. ज्या कारागिराला गावातील प्रत्येक पायाची जाण होती, त्याची सावली त्याच गावाला चालत नव्हती. माप घेताना पायाला हात लागे, तेवढ्यापुरता विटाळ सोयीस्करपणे बाजूला राही. जोडा हातात पडला की विटाळ परत येई. अनेक गावांत दलितांनी सवर्णांच्या आळीतून जाताना पायातील वहाणा काढून हातात घ्याव्यात असा दंडक होता. म्हणजे जोडा शिवणाराच आपला जोडा घालू शकत नव्हता. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण वहाणेविषयी नाही, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

या अपमानाची स्मृती लोककथेने वेगळ्या रीतीने जपली आहे. बाराव्या शतकातील शरण हरळय्या व त्यांच्या पत्नी यांनी आपल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादुका केल्या आणि बसवेश्वरांनी त्या पायात न घालता मस्तकी धरल्या, अशी कथा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सांगितली जाते. मापाने केलेली पादत्राणे पायात न घालणे हाच येथे कारागिराचा सन्मान ठरतो. कथेचा हा अर्थ भक्तिपर लेखनात सहसा पुढे येत नाही.

विसाव्या शतकात या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली. महाड येथे मार्च १९२७ मध्ये झालेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढणे व मृतमांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. महार समाजाने ते काम सोडले तेथे कातड्याच्या पुरवठ्याची जुनी साखळी तुटली. गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी उलट मार्ग धरला. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः मृत जनावरे सोलण्याचे काम हाती घेतले. उच्चवर्णीयांचे हात लागले की कामाचा कलंक जाईल, ही त्यामागील श्रद्धा. प्रयत्नांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. तथापि एका सुशिक्षित ब्राह्मणाने स्वेच्छेने उचललेली रापी आणि चर्मकाराच्या मुलाच्या हाती जन्माने आलेली रापी यांत जे अंतर आहे ते आश्रमाच्या प्रयोगाने मिटले नाही. मुंबईला आलेल्या चर्मकार कुटुंबांनी मुलांना शाळेत घातले आणि गिरणी, गोदी, कचेरी यांचा रस्ता धरला, तेव्हा मापाची विद्या घरातच थांबली. हा ऱ्हास मानावयाचा की सुटका, या प्रश्नाचे उत्तर त्या कुटुंबांनी आपल्या कृतीने दिलेले आहे. नंबरी जोड्याने कारागिराचे ज्ञान बाद केले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या नंबरामुळे कोणाच्याही पायाशी न बसता जोडा विकणे शक्य झाले.

दुखऱ्या पायाचे माप

जेथे नंबर चालतच नाही असे एक क्षेत्र उरते, ते रोगग्रस्त पायाचे. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते. निरोगी माणसाला बूट चावला की तो लंगडतो व बूट काढतो. बधिर पायाला काहीच कळत नाही आणि जखम हाडापर्यंत जाते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर जे काम केले त्यातून ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य केली, आणि सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे, पायाच्या मापाचे पादत्राण हा उपचाराचाच भाग ठरला. त्यात खिळा चालत नाही, हे कोल्हापुरी पायताण करणाऱ्याला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नव्हती. मुंबईत वडाळ्याच्या अॅक्वर्थ कुष्ठरुग्णालयाची परंपरा १८९० पर्यंत मागे जाते. हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. पोलिओग्रस्त मुलाचा आखूड पाय, कॅलिपरला जोडलेला बूट, एका तळाला दिलेली जादा उंची, ही कामे मापावाचून होतच नाहीत. मधुमेहामुळे संवेदना गमावलेल्या पायांनाही आता हेच तत्त्व लागू केले जाते. मापाचे ज्ञान येथे प्रतिष्ठित झाले, मात्र ते अंगरखा घालून. त्याला 'ऑर्थोटिक्स' म्हणतात आणि ते देणारा तज्ज्ञ पदवीधर असतो. रुग्णालयाच्या कार्यशाळेत रापी धरणारा मात्र बहुधा पूर्वीचाच कारागीर.

मानांकन आणि 'भ'

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. तत्पूर्वी मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा महाराष्ट्रात लागू होऊन कातड्याच्या पुरवठ्यावर ताण आला होता. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारखी पादत्राणे मूळ कारागिरीचा उल्लेख न करता सादर केली. त्यावर महाराष्ट्रात मोठी टीका झाली, कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या संपूर्ण वादात चर्चा झाली ती आकाराची, नावाची आणि किमतीची. मानांकनाने संरक्षण मिळते तेही प्रदेशाला व नावाला. कोल्हापुरी चपल आता इतर कोणत्याही जोड्याप्रमाणे नंबरावर विकली जाते आणि पायाचे माप घेऊन ती करण्याची पद्धत संरक्षणाच्या कक्षेत येत नाही.

मापाचा प्रश्न उपस्थित झाला तो वेगळ्याच बाजूने. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १ लाखाहून अधिक व्यक्तींचे पाय त्रिमितीय यंत्राने मोजले. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा चवड्याशी रुंद असल्याचे, आणि त्यामुळे लोक रुंदीसाठी लांबीचा एखादा मोठा नंबर घेत असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. इंग्रजी, युरोपीय व अमेरिकी नंबरांऐवजी 'भ' या अक्षराने ओळखली जाणारी स्वतंत्र भारतीय मापपद्धती प्रस्तावित करण्यात आली असून तिच्यात रुंदीला अधिक जागा दिलेली आहे. चवड्याचा हा घेर चर्मकार कागदाच्या पट्टीने मोजत असे. पाहणीत तो यंत्राने मोजला.